भूगर्भात कार्बन डायऑक्साइड साठवताना थराचा दाब कसा काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूशास्त्राचे विद्यार्थी, विहिरींवर काम करणारे अभियंते आणि प्रकल्पांचे अहवाल वाचणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. दाब सगळीकडे मेगापास्कलमध्ये दिला आहे. १ मेगापास्कल म्हणजे १० बार, म्हणजेच साधारण १४५ पीएसआय.

१. थराचा दाब म्हणजे वरच्या खडकाचं वजनच ना?

नाही, आणि निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात. वालुकाश्माच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत बहुतेक वेळा खारं पाणी असतं. त्या पाण्याचा दाब म्हणजे थराचा दाब. त्याला छिद्रदाबही म्हणतात. वरच्या खडकाचं वजन मुख्यतः कणांच्या सांगाड्यावर येतं. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील आणि पाण्याला वरपर्यंत वाट असेल, तर छिद्रदाब फक्त पाण्याच्या स्तंभाइतका असतो. गोड्या पाण्यासाठी तो दर मीटरला ९.८ किलोपास्कल वाढतो, नेहमीच्या खाऱ्या पाण्यासाठी १०.५ च्या आसपास. खडकाचा भार मात्र दर मीटरला साधारण २२ ते २३ किलोपास्कल वाढतो. या दोन रेषांमधल्या जागेतच सगळं काम चालतं.

२. साठवणुकीसाठी हा आकडा एवढा महत्त्वाचा का?

एक कारण वायूच्या अवस्थेचं. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअस आणि ७.३८ मेगापास्कलच्या वर गेला की तो वायूसारखा पसरतो, पण घनतेने द्रवाच्या जवळ जातो. साध्या जलदाबाने हे साधारण ८०० मीटर खोलीच्या पुढे जमतं, आणि तिथे त्याची घनता घनमीटरला ६०० ते ७०० किलोच्या घरात येते. दाब कमी निघाला तर त्याच पोकळीत कितीतरी कमी माल मावतो.

दुसरं कारण जास्त खर्चिक आहे. मूळ दाब आणि खडक फुटण्याचा दाब यांतलं अंतर म्हणजे तुमच्या हातातला वाव. किती वेगाने आणि किती वर्षं आत सोडता येईल, हे तो वाव ठरवतो. मूळ दाब कमी धरला, तर कागदावर वाव फुगतो (प्रश्न ११ पाहा).

३. विहीर खोदायच्या आधी अंदाज कसा काढायचा?

दाब = पाण्याची घनता × ९.८१ × पाण्याच्या पातळीखालची उभी खोली. नमुन्यासाठी जमिनीवरची एक काल्पनिक विहीर घेऊ. थर १,८०० मीटरवर, त्या थराच्या पाण्याची पातळी जमिनीखाली ४० मीटर, पाण्याची सरासरी घनता घनमीटरला १,०७० किलो.

१,०७० × ९.८१ × १,७६० = १८.४७ मेगापास्कल. हा गेजदाब, म्हणजे वातावरणाचा दाब न धरलेला दाब झाला. निरपेक्ष दाब हवा असेल तर वातावरणाचा ०.१ मिळवा.

आता यातच चुका करून बघा. घनता १,००० धरली तर उत्तर १.२ मेगापास्कलने कमी येतं. पाण्याची पातळी जमिनीलाच आहे असं धरलं तर ०.४ ने जास्त. गेज आणि निरपेक्ष यांत घोळ घातला की आणखी ०.१. या चुका एकमेकींना पुसून टाकतील अशी आशा अनेक अहवालांत दिसते. तसं होतंच असं नाही.

४. पाण्याची घनता कुठून आणायची? नमुना नसेल तर?

नमुना असेल तर प्रयोगशाळेतली घनता थेट वापरू नका. ती २० किंवा २५ अंशांना मोजलेली असते. खाली तापमानामुळे पाणी थोडं फुगतं आणि दाबामुळे थोडं आक्रसतं. क्षारता, तापमान आणि दाब या तिन्हींवरून खालची घनता काढावी लागते.

क्षारताही खोलीनुसार बदलते. वरचे २००-३०० मीटर गोडं पाणी आणि खाली मिठाची दाट खारवट, असं चित्र नेहमीचं आहे. म्हणून पूर्ण स्तंभाला एकच घनता लावण्यापेक्षा १००-१०० मीटरचे टप्पे पाडून बेरीज करा. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डेकेटर इथे माउंट सायमन वालुकाश्मात लिटरला सुमारे २ लाख मिलिग्रॅम क्षार आहेत. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ हजार असतात. तिथे मीटरला १०.५ किलोपास्कल हा पुस्तकातला आकडा डोळे झाकून लावणं महागात पडेल.

नमुनाच नसेल तर शेजारच्या विहिरींचे रेझिस्टिव्हिटी लॉग (खडकाच्या विद्युत-रोधाच्या खोलीनुसार नोंदी) वापरून क्षारतेचा अंदाज बांधतात. त्यावरचं उत्तर एका आकड्यात देऊ नये, किमान आणि कमाल असं द्यावं.

५. खोली तर लॉगवर लिहिलेलीच असते. त्यात काय चुकणार?

बरंच काही. लॉगवरची खोली विहिरीच्या वाटेने मोजलेली असते; दाबाला उभी खोली लागते. विहीर पहिल्यापासून ३० अंश कलती असेल तर २,००० मीटर वाटेला उभी खोली १,७३२ मीटर भरते. फरक २६८ मीटर, म्हणजे २.८ मेगापास्कल. एवढी मोठी चूक सहसा कुणीतरी पकडतं. लहान चूक सुटते: खोली रिगच्या फरशीपासून धरली की जमिनीपासून? फरशी ८ मीटर उंच असेल तर ०.०८ मेगापास्कल इकडचे तिकडे होतात आणि दोन विहिरींच्या दाबरेषा जुळत नाहीत. मग लोक मध्ये नसलेला भ्रंश (खडक सरकलेली भेग) काढतात. सगळ्या विहिरी समुद्रसपाटीच्या संदर्भाने उभ्या खोलीत आणल्याशिवाय आलेख काढायला बसू नका.

६. विहिरीत दाब प्रत्यक्ष मोजतात कसा?

केसिंग (भिंतीला आधार देणारी पोलादी नळी) बसवण्याआधी, उघड्या विहिरीत, केबलला टांगलेलं फॉर्मेशन टेस्टर सोडून. क्रम असा:

आधी गॅमा, कॅलिपर आणि घनता-न्यूट्रॉन लॉग बघून जागा निवडतात. भिंत गुळगुळीत आणि खडक पारगम्य, म्हणजे पाणी सहज जाऊ देणारा हवा. विहिरीची रुंदी मोजणारा कॅलिपर जिथे भगदाड दाखवतो तिथे रबरी पॅड बसत नाही. हत्यार त्या खोलीवर थांबवून आधी मडचा (खोदताना विहिरीत भरलेल्या चिखलद्रवाचा) दाब नोंदवतात. मग हत्याराचा पाय भिंतीला रेटतो, पॅड चिकटतो आणि मधली नळी मडच्या सालीतून खडकाला भिडते. छोटा पिस्टन ५ ते २० घनसेंटिमीटर पाणी ओढतो. पडद्यावर दाब धाडकन खाली जातो आणि मग वर चढू लागतो. चढण सपाट होईपर्यंत थांबायचं, मिनिटाला ०.००१ मेगापास्कलपेक्षा कमी बदल, हा एक व्यवहारी निकष. तो सपाट दाब म्हणजे थराचा दाब. पॅड सोडल्यावर पुन्हा मडचा दाब घेतात, आणि तो आधीच्या नोंदीशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर गेजचं तापमान अजून स्थिर झालेलं नाही, किंवा दरम्यान विहिरीतल्या मडची पातळी बदलली आहे.

दाब चढत चढत थेट मडच्या दाबालाच जाऊन टेकला, तर सील फुटलं. पिस्टन ओढल्यावर दाब खालीच पडून राहिला, तर खडक टाइट, म्हणजे पाणी न सोडणारा आहे. दोन्ही नोंदी फेकायच्या, पण टाइट जागांची यादी ठेवायची. वायूला वर येण्यापासून अडवणाऱ्या आच्छादक थराच्या अभ्यासात ती कामाला येते.

७. काही नोंदी जलरेषेपेक्षा, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या दाबापेक्षा जास्त दाब दाखवतात. थरात अतिदाब आहे का?

आधी त्या जागांची पारगम्यता बघा. मडचा दाब थरापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे मडमधलं पाणी भिंतीतून आत मुरत राहतं. खडक पारगम्य असेल तर ते लांब निघून जातं. घट्ट खडकात ते भिंतीलगत तुंबतं आणि तिथला दाब खऱ्यापेक्षा वर चढतो. याला सुपरचार्जिंग म्हणतात.

ओळखायची खूण साधी आहे. प्रत्येक नोंदीशेजारी पिस्टन ओढतानाची गतिशीलता लिहा, म्हणजे पारगम्यता भागिले पाण्याची चिकटता. वर सरकलेले बिंदू नेमके कमी गतिशीलतेचे असतील, तर तो सुपरचार्जिंगचा खेळ. गतिशीलता भरपूर असलेले बिंदूही एकजात रेषेच्या वर असतील, आणि आपसांत मीटरला १०.५ किलोपास्कलच्या उताराने जुळत असतील, तर अतिदाबाचा विचार गंभीरपणे करा (प्रश्न १० पाहा). सुपरचार्जिंगची चूक नेहमी एकाच दिशेची असते: दाब जास्त दिसतो, कमी कधीच नाही. म्हणून सगळ्या बिंदूंची सरासरी काढणं इथे चूक आहे.

८. किती बिंदू घ्यावेत?

एका थरासाठी एक-दोन कधीच नाही. समजा ५० मीटर अंतरावर दोनच नोंदी आहेत आणि प्रत्येकीत ०.०१ मेगापास्कलची चूक असू शकते. दोन्ही चुका उलट दिशेने पडल्या तर उतारात मीटरला ०.४ किलोपास्कलचा फरक, म्हणजे घनतेत घनमीटरला सुमारे ४० किलो. एवढ्यात गोडं पाणी आणि चांगलं खारं पाणी यांतला भेद पुसला जातो. थर जाड असेल तर वरपासून खालपर्यंत आठ-दहा चांगले बिंदू, आणि त्यांतल्या दोन खोल्यांवर वर येताना पुन्हा मोजणी, एवढं तरी असावं.

९. फॉर्मेशन टेस्टरने एका ठिपक्यावर मोजलेला दाब पुरतो का? फॉल-ऑफ चाचणी कशाला?

टेस्टरने ओढलेलं पाणी औषधाच्या लहान बाटलीएवढं असतं. त्यातून विहिरीलगतचा खडकच बोलतो. फॉल-ऑफ चाचणीत काही तास ठरावीक वेगाने पाणी आत सोडतात, पंप बंद करतात आणि दाब कसा उतरतो ते तळाच्या गेजवर टिपतात. यात दूरचा खडकही उत्तर देतो: पारगम्यता, विहिरीलगतचा अडथळा आणि सीमा.

मूळ दाब काढायला हॉर्नरचा आलेख वापरतात. आडव्या अक्षावर (सोडण्याचा काळ + बंद केल्यानंतरचा काळ) भागिले बंद केल्यानंतरचा काळ, लॉग मापात. २४ तास सोडून ४८ तास वाट पाहिली तर हे गुणोत्तर १.५ पर्यंत येतं. सरळ भागाची रेषा गुणोत्तर १ पर्यंत लांबवली की तिथला दाब मिळतो.

सरळ भाग कोणता, हे डोळ्यांनी ठरवू नका. दाबाच्या डेरिव्हेटिव्हचा (बदलाच्या वेगाचा) आलेख सपाट झालेला भाग घ्या. त्याआधीचा वळणदार भाग विहिरीतल्या द्रवाच्या आक्रसण्या-फुगण्याचा असतो. झडप वर वेलहेडला (विहिरीच्या तोंडाशी) बंद केली की तो भाग तासन् तास चालतो, तळाशी बंद केली तर लवकर संपतो. आणि ही चाचणी कार्बन डायऑक्साइड सोडण्याच्या आधी, थराशी जुळणाऱ्या खाऱ्या पाण्याने करा. नंतर केली तर विहिरीभोवती वायूचं कडं आणि पलीकडे पाणी अशी दोन क्षेत्रं होतात, आणि साधी हॉर्नर रेषा फसवते. कार्बन डायऑक्साइड साठवणाऱ्या विहिरींसाठीच्या अमेरिकेच्या क्लास-६ नियमांत इंजेक्शन विहिरीवर दर पाच वर्षांत किमान एकदा फॉल-ऑफ चाचणी बंधनकारक आहे, तिचा उपयोग मूळ दाबापेक्षा बदल पकडायला जास्त.

१०. शेलच्या (चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाच्या) लॉगवरून अतिदाबाचा अंदाज येतो असं वाचलं. तो कितपत धरायचा?

इशारा म्हणून धरा, मोजमाप म्हणून नको. सर्वाधिक वापरातली पद्धत ईटन या अभियंत्याची, १९७५ मधली. शेल नीट दबला नसेल तर ध्वनिलहरी त्यातून हळू जातात, या तत्त्वावर ती आहे:

छिद्रदाब = खडकाचा भार − (खडकाचा भार − जलदाब) × (अपेक्षित ध्वनिकाळ ÷ मोजलेला ध्वनिकाळ)³

२,५०० मीटरवर भार ५६.५ आणि जलदाब २६.२५ मेगापास्कल घ्या. गुणोत्तर ०.९० असेल तर उत्तर ३४.४ येतं, ०.९५ असेल तर ३०.६. म्हणजे 'अपेक्षित' रेषा काढताना हात पाच टक्के हलला की पावणेचार मेगापास्कल सरकले. शिवाय हा शेलचा दाब झाला. शेजारच्या वालुकाश्माला लांबवर मोकळी वाट असेल, तर त्याचा दाब वेगळाच असू शकतो. चुनखडी, मीठ आणि बेसॉल्ट यांत ही पद्धत चालतच नाही.

११. दाब किती वाढवता येतो? मर्यादा कोण ठरवतं?

मर्यादा खडक फुटण्याच्या दाबावरून ठरते, आणि तो अंदाजाने न घेता लीक-ऑफ चाचणी किंवा स्टेप-रेट चाचणीने (दोन्हींत दाब वाढवत नेऊन खडक कधी फुटू लागतो ते बघतात) मोजायचा. क्लास-६ नियमांत इंजेक्शनचा दाब त्या थराच्या फुटण्याच्या दाबाच्या ९० टक्क्यांवर जाता कामा नये. प्रश्न ३ मधल्या विहिरीत फुटण्याचा दाब मीटरला १६ किलोपास्कलने २८.८ धरला, तर मर्यादा २५.९ आणि वाव ७.४ मेगापास्कल. तिथली १.२ ची घनतेची चूक या वावाच्या सोळा टक्के होते.

नॉर्वेच्या स्नोव्हिटमध्ये हे सगळं प्रत्यक्ष घडलं. २००८ मध्ये सुमारे २,६०० मीटर खोलीवरच्या टुबेओन थरात इंजेक्शन सुरू झालं. दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला. सुरुवातीचा एक भाग विहिरीलगत साचलेल्या मिठाचा होता: कोरडा वायू पाणी शोषतो, मीठ मागे उरतं आणि पोकळ्या बुजतात. ग्लायकॉलचं मिश्रण सोडल्यावर तो अडथळा सुटला. पण हळू चढणारा भाग तसाच राहिला, कारण थर बाजूंनी बंदिस्त होता. फॉल-ऑफच्या आकृतीत हे दोन वेगळे दिसतात: मीठ पंप बंद करताच झटकन उतरणारा दाब देतं, बंदिस्त सीमा कितीही थांबलं तरी मूळ पातळीला न येणारा. दाब फुटण्याच्या मर्यादेजवळ गेल्यावर २०११ मध्ये त्याच विहिरीत वरच्या स्टो थरात इंजेक्शन वळवण्यात आलं.

एक बारकावा: मर्यादा केसिंगला पाडलेल्या सर्वांत वरच्या भोकाशी तपासा, तिथे फुटण्याचा दाब सगळ्यांत कमी असतो. थंड वायू सोडत असाल तर खडक आक्रसून ही मर्यादा आणखी खाली येते.

१२. वेलहेडवरच्या गेजवरून तळाचा दाब काढता येत नाही का?

पाण्यासाठी येतो. कार्बन डायऑक्साइडसाठी भरवसा नाही, कारण नळीत वरपासून खालपर्यंत त्याची घनता बदलत जाते. नॉर्वेच्या स्लाइपनरमध्ये १९९६ पासून वायू युत्सिरा वाळूच्या थरात सोडला जातो, पहिली अनेक वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास, आणि तिथे तळाशी गेज नाही. वेलहेडवर दाब ६.२ ते ६.५ मेगापास्कल असतो, म्हणजे वायू आणि द्रव एकत्र नांदतात असा पट्टा. तिथे दाब जवळपास स्थिर दिसतो आणि तापमानाच्या थोड्या बदलाने स्तंभाचं वजन बदलतं. स्लाइपनरला हे खपलं, कारण युत्सिरा वाळू अवाढव्य आणि अतिशय पारगम्य आहे. आपला थर तसाच असेल असं धरून तळाचं गेज वाचवणं म्हणजे शेजाऱ्याच्या छत्रीवर पावसात निघणं.

गेज थरापासून काहीशे मीटर वर बसवलं असेल तर मधल्या वायूस्तंभाची दुरुस्तीही करावी लागते.

१३. संपलेल्या वायूक्षेत्रात तर दाब आधीच माहीत असतो, मग सोपं ना?

मूळ दाब माहीत असतो, आजचा नाही. उत्पादन थांबल्यावर बाजूचं पाणी हळूहळू आत येतं, आणि एका क्षेत्राचे दोन कप्पे वेगवेगळ्या दाबाला असू शकतात. म्हणून नव्याने मोजा. दाब उतरला की खडक फुटण्याचा दाबही उतरतो, आणि पुन्हा भरताना तो त्याच वाटेने परत चढेल याची खात्री नसते. जुनी लीक-ऑफ चाचणी वापरू नका. फार कमी दाबाच्या थरात वायू एकदम पसरतो आणि गार होतो. पाणी असेल तर हायड्रेटचा (पाणी आणि वायू मिळून बनणाऱ्या स्फटिकाचा) बर्फासारखा गोळा विहीर चोंदवतो.

१४. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हीच पद्धत चालेल का?

अर्धीच. लाव्हाच्या प्रत्येक प्रवाहाचा माथा फुग्या-भेगांनी सच्छिद्र असतो आणि पोट घट्ट. त्यामुळे एकावर एक असलेले माथे वेगवेगळ्या दाबाचे असू शकतात आणि एकच जलरेषा गृहीत धरता येत नाही. ईटन बाद (प्रश्न १०). दोन पॅकर (विहिरीचा एक भाग बंद करणारे रबरी फुगे) फुगवून एकेक माथा वेगळा काढायचा आणि त्याची स्वतंत्र चाचणी घ्यायची, हाच मार्ग. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला इथे २०१३ मध्ये बेसॉल्टमध्ये साधारण हजार टन द्रवरूप वायू सोडला गेला. आइसलँडच्या कार्बफिक्समध्ये तो पाण्यात विरघळवून सोडतात, त्यामुळे तिथे ८०० मीटरचा नियम लागू होत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कोयना परिसरात बेसॉल्टची जाडी एक किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागतो, मध्ये गाळाचा थर नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप आणि त्यानंतरची कंपनं धरणाच्या जलाशयाशी जोडली जातात. ताणाखाली असलेल्या भ्रंशाला हलायला छिद्रदाबातला लहानसा बदलही पुरतो. डेकेटरच्या साठवण प्रकल्पातही दाब मर्यादेच्या खूप खाली असताना हजारो सूक्ष्मकंप नोंदले गेले, त्यांतले बरेचसे पायाखडकात. फुटण्याच्या दाबाची मर्यादा पाळली म्हणजे भ्रंश गप्प राहील, असा अर्थ काढू नये.

१५. वायू दोन किलोमीटरच पसरला, मग दाब दहा किलोमीटरवर का बघायचा?

कारण दाबाची लाट वायूच्या खूप पुढे धावते. तिथे पोहोचतं ते ढकललेलं खारं पाणी, आणि एखादी जुनी, नीट न बुजवलेली विहीर असेल तर ते तिच्यातून गोड्या पाण्याच्या थरात चढू शकतं. म्हणून दोन्ही थरांचा मूळ दाब लागतो, केवळ साठवण थराचा नाही. अल्जीरियात इन सालाह इथे २००४ ते २०११ दरम्यान वायू सोडला गेला. उपग्रहांच्या रडारने विहिरींवरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचललेली पाहिली. एका विहिरीवर उंचवट्याला दोन शिखरं दिसली, आणि त्यावरून खाली भेग उघडल्याचा निष्कर्ष निघाला. असं मापन दाबाची दिशा दाखवतं; आकडा विहिरीतूनच घ्यावा लागतो.

१६. इंजेक्शन थांबून वर्ष झालं, तरी दाब मूळ आकड्यावर येत नाही. मूळ आकडा चुकला होता का?

तसं असू शकतं, पण आधी दोन गोष्टी तपासा. गेजच्या उंचीवर आता पाण्याऐवजी वायू असेल, तर उत्प्लावनाचा भाग वजा करा: ५० मीटर उंच वायूस्तंभ, पाण्याची घनता १,०७० आणि वायूची ६५०, तर माथ्याशी दाब ०.२ मेगापास्कलने कायमचा जास्त राहतो. दुसरं, गेज स्वतः सरकलं असेल. कायमस्वरूपी बसवलेल्या गेजशेजारी केबलवर नव्याने कॅलिब्रेट केलेलं क्वार्ट्झ गेज सोडा, अर्धा तास तापमान स्थिर होऊ द्या आणि दोन्ही वाचा. हे दोन्ही निकाली निघूनही फरक उरला, तर थर बंदिस्त आहे. प्रश्न ११ मधली सीमेची खूण जुन्या फॉल-ऑफ नोंदीत शोधा.